पहिला खेळ पुरा व्हावा म्हणून

१९७२ साली कॅलिफोर्नियात अटारी ही कंपनी नुकती उभी राहत होती. तिथे नव्याने आलेल्या अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण अभियंत्याने तोवर एकही व्हिडिओ गेम बनवलेला नव्हता. त्याचा हात बसावा म्हणून संस्थापक नोलन बुशनेल यांनी त्याला एक सोपे काम दिले: पडद्यावर एक चेंडू, दोन बाजूंना दोन फळ्या, मध्ये एक रेघ आणि वर गुण. एका मोठ्या कंपनीसाठी हे हवे आहे, असे त्याला सांगितले गेले. प्रत्यक्षात तसे कंत्राट नव्हतेच, तो निव्वळ सराव होता. अल्कॉर्नने मात्र मनावर घेतले. चेंडू फळीच्या मधोमध लागला तर सरळ परतावा, कडेला लागला तर तिरका जावा. डाव लांबला की वेग वाढावा. या गोष्टी त्याने स्वतःच्या डोक्याने घातल्या. तो सराव म्हणजे ‘पाँग’. व्हिडिओ गेमचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला तो त्याच्यापासून.

मुलांसाठी गेम बनवण्याची स्पर्धा घेऊ पाहणाऱ्या शिक्षकांना मी ही हकीकत आवर्जून सांगते. तिच्यात तीन गोष्टी आहेत. काम लहान होते, ते कुठे संपते हे ठरलेले होते, आणि झाल्यावर ते खेळून बघायला कुणीतरी होते. पुढच्या सगळ्या प्रकरणांत याच तीन गोष्टी वेगवेगळ्या रूपांत भेटतील. हे पुस्तक शाळेतल्या संगणक-शिक्षकांसाठी आहे, गावातल्या वाचनालयाच्या कार्यकर्त्यांसाठी आहे, आणि इंजिनिअरिंगला असलेल्या, सुट्टीत घरी आल्यावर गल्लीतल्या मुलांना काहीतरी शिकवावे असे वाटणाऱ्या ताई-दादांसाठीही आहे. तुम्हाला स्वतःला मोठे गेम बनवता आले पाहिजेत, अशी अट नाही. एक छोटा गेम मात्र वाचता वाचता बनवून बघा.

गेम बनवण्याच्या अशा स्पर्धांना जगभर ‘गेम जॅम’ हे नाव पडले आहे. जॅम हा शब्द संगीतकारांचा. वादक आधी काही न ठरवता एकत्र बसतात आणि त्या बैठकीत जे सुचेल ते वाजवतात. मार्च २००२ मध्ये ख्रिस हेकर, शॉन बॅरेट आणि त्यांच्या मित्रांनी ऑकलंड शहरात प्रोग्रामरांची अशी बैठक भरवली. तिचा एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. येणाऱ्यांच्या हाती देण्यासाठी आयोजकांनी एक इंजिन आधीच तयार करून ठेवले होते. त्यात पडद्यावर एकाच वेळी एक लाख आकृत्या हलवता येत. एवढ्या गर्दीचे करायचे काय, तेवढे पाहुण्यांनी शोधायचे. म्हणजे पाया घालण्याचे कष्ट आयोजकांनी उचलले होते आणि खेळण्याची मोकळीक पाहुण्यांना दिली होती. पुढच्याच महिन्यात जॉफ हाउलंड यांनी ‘लुडुम डारे’ ही इंटरनेटवरची स्पर्धा सुरू केली. २००६ मध्ये कोपनहेगनला ‘नॉर्डिक गेम जॅम’ भरला, आणि त्याच्या अनुभवावर २००९ च्या जानेवारीअखेर ‘ग्लोबल गेम जॅम’ उभा राहिला. पहिल्याच वर्षी २३ देशांत ५३ ठिकाणी, एकाच शनिवार-रविवारी.

या सगळ्या स्पर्धा जाणत्यांनी जाणत्यांसाठी रचल्या होत्या. ४८ तास, शून्यापासून सुरुवात, झोपेला फाटा, शेवटच्या तासाला धावपळ. ज्याला कोड येतो त्याला यात मजा आहे, कारण अडचण आली तर तिचे नाव काय, ती शोधायची कुठे, हे त्याला ठाऊक असते. सातवीतल्या मुलाला ते ठाऊक नसते. त्याच्यासाठी तेच ४८ तास म्हणजे न कळणाऱ्या चुकांशी एकट्याने केलेली झटापट होते.

हे मी अनुभवाने शिकले. एका शाळेत पहिली स्पर्धा घेतली तेव्हा मोठ्यांचे नियम जसेच्या तसे उचलले होते. विषय शनिवारी सकाळी फळ्यावर लिहिला: पाऊस. गुण शंभरपैकी, चित्रे, आवाज, कल्पना आणि कोड यांत वाटलेले. मुलांनी अख्खा शनिवार ढग आणि छत्र्या रंगवण्यात घालवला. रविवारी दुपारी वीज गेली आणि सेव्ह न केलेले काम पुसले गेले. एका मुलीचा बेडूक इतका छान उडी मारत होता की शेजारची मुले येऊन बघून जात होती. पण त्या उडीतून पुढे काही घडत नव्हते, खेळ कुठे सुरू होत नव्हता की संपत नव्हता. परीक्षकांनी तिच्या कागदावर ‘अपूर्ण’ असा शेरा लिहिला. पुढच्या वर्षी तिने नाव दिले नाही. त्या शेऱ्याला जबाबदार स्पर्धेची रचना होती, आणि ती दुरुस्त करण्यात माझी पुढची कित्येक वर्षे गेली.

आपल्या अंगणातल्या खेळांनी या प्रश्नाचे उत्तर कधीच शोधून ठेवले आहे. लगोरी असो, लपंडाव असो, धाकटे भावंड मागे लागले की मोठी मुले त्याला कच्चे लिंबू म्हणून घेतात. ते आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. पण ते मैदानात असते, धावते, ओरडते, आणि नियम त्याच्या अंगात मुरत जातात. लगोरी कशी खेळायची याचा वर्ग त्याच्यासाठी कुणी घेत नाही. मग एका उन्हाळ्यात त्याच्यावर पहिल्यांदा राज्य येते, आणि ते रडत नाही, उलट खूश होते, कारण आता ते मोजले जाऊ लागलेले असते. नवशिक्यांची स्पर्धा रचायची म्हणजे हे दोन्ही एकाच वेळी साधायचे: चूक झाली तरी आउट न होणे, आणि तरीही मोजले जाणे. कच्च्या लिंबाला पहिली मुभा मिळते, दुसरी मिळत नाही. स्पर्धेत ती देता येते.

या विचाराला अभ्यासाचा भक्कम आधार आहे. मुलांनी संगणकाकडून शिकण्याऐवजी संगणकाला शिकवावे, ही सिमोर पॅपर्ट यांची धारणा. १९६७ मध्ये त्यांनी सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांच्याबरोबर लोगो ही मुलांसाठीची प्रोग्रामिंग भाषा घडवली, आणि १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात त्यामागचा विचार मांडला. त्याच परंपरेतल्या यास्मिन काफाई यांनी बोस्टनमधल्या एका शाळेत चौथीच्या मुलांना लोगोमध्ये गेम बनवायला दिले. गेमचा विषय अपूर्णांक, आणि खेळणार कोण तर त्याच शाळेतली धाकटी मुले. १९९५ च्या त्यांच्या पुस्तकात हे काम सविस्तर आले आहे. मला त्यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे की त्या मुलांसमोर खेळणारा ठरलेला होता. ‘गेम बनवा’ आणि ‘खालच्या वर्गातल्या मुलांसाठी गेम बनवा’ या दोन सूचनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसरीत मुलाला स्वतःच्या बाहेर पडून बघावे लागते: याला काय कळेल, कुठे अडेल, कंटाळेल कधी?

२००७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधून, मिचेल रेस्निक यांच्या गटाने, स्क्रॅच हे मुलांसाठीचे प्रोग्रामिंगचे साधन खुले केले. आज बहुतेक मुलांची सुरुवात तिथेच होते. ब्लॉक एकमेकांत अडकवायचे असल्याने टंकलेखनाच्या चुका होत नाहीत, आणि दुसऱ्याचा प्रकल्प उघडून त्यावर आपला चढवणे, म्हणजे रीमिक्स, हे तिथे रीतसर मान्य आहे. साधनांविषयी याहून फार बोलण्याची गरज नाही. मुलांना जे आधीच हाताळता येते ते घ्यावे. स्पर्धेच्या आठवड्यात नवे साधन शिकवू नये.

नियमांवर मात्र थांबून बोलायला हवे, कारण या पुस्तकाचा गाभा तोच आहे. फिनलंडचे आर्वी तेइकारी यांनी २०१७ च्या नॉर्डिक गेम जॅममध्ये ‘बाबा इज यू’ या गेमचे पहिले रूप बनवले. त्यात खेळाचे नियम म्हणजे पडद्यावर पडलेले शब्दांचे ठोकळे असतात, आणि खेळणारा ते ढकलून नियमच बदलतो. भिंत अडवते, कारण तसे वाक्य तिथे मांडलेले आहे. वाक्य मोडले की भिंतीतून आरपार जाता येते. स्पर्धेच्या आयोजकाच्या हातात असेच ठोकळे असतात. मुले कशावर वेळ घालवतील, कशाला घाबरतील, कुणाला मदत करतील, हे तुमच्या नियमावलीतले एकेक वाक्य ठरवते. स्पर्धा हाही एक खेळ आहे आणि त्याचे रचनाकार तुम्ही आहात. ‘चित्रांना २५ गुण’ हे वाक्य मी काढून टाकले, त्या वर्षी पहिल्या तासात कुणी छत्री रंगवत बसले नाही. ‘टेट्रिस’ १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी ज्या यंत्रावर बनवला, त्यावर चित्रे काढण्याची सोयच नव्हती. पडणारे तुकडे त्यांनी कंसाच्या चिन्हांनी दाखवले. हे मुलांना एकदा सांगितले की चौकोनी ठोकळ्याला नायक करायला ती आनंदाने तयार होतात.

विषय नामात देऊ नये, क्रियापदात द्यावा, असे माझे आता ठाम मत झाले आहे. पाऊस, जंगल, दिवाळी असे विषय दिले की मुले देखावा काढतात. ‘निसटणे’, ‘साठवणे’, ‘वाट बघणे’ असे दिले की पहिल्याच मिनिटाला प्रश्न पडतो: कोण निसटते, कशातून, आणि सापडला तर काय? हे प्रश्न म्हणजेच खेळाचे नियम. शब्दाशिवायही विषय देता येतो. ग्लोबल गेम जॅमने २०१२ मध्ये स्वतःची शेपटी गिळणाऱ्या सापाचे चित्र दिले होते, तर २०१३ मध्ये हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला होता. जिथे सगळ्या मुलांचे माध्यम एक नसते, तिथे असा विषय सगळ्यांना सारखाच खुला असतो.

आकाराची मर्यादा तितकीच महत्त्वाची. अनुभवी लोकही ती मुद्दाम लादून घेतात. पिको-८ या साधनात पडदा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा आणि रंग फक्त १६. जेएस१३के स्पर्धेत संपूर्ण गेम १३ किलोबाइटांत बसवावा लागतो. मुलांसाठी मी सुचवते: एक पडदा, जास्तीत जास्त दोन कळा, एका मिनिटात संपणारा डाव. सुरुवातीला प्रत्येकाच्या हाती एक चालणारा सांगाडा द्यावा, ज्यात एक ठोकळा बाणांच्या कळांनी हलतो, एक वस्तू वरून पडते आणि पकडली की गुण वाढतो. ऑकलंडच्या यजमानांनी केले तेच हे. मूल रिकाम्या पडद्यासमोर बसत नाही, चालू असलेल्या गोष्टीत बदल करायला बसते.

वेळेबाबत सलग रात्री नकोत. एका शनिवारी दोन तास ओळख आणि सुरुवात, मधला आठवडा मोकळा, पुढच्या शनिवारी दोन तास काम आणि मग खेळण्याची सभा, ही घडी मला सर्वांत चांगली वाटते. मधल्या आठवड्यात घरी संगणक नसलेल्या मुलांसाठी शाळेची लॅब रोज तासभर उघडी हवी. ती ठेवता येत नसेल तर सगळे काम दोन शनिवारांतच बसवावे, नाहीतर स्पर्धा गेम बनवण्याची न राहता घरात लॅपटॉप असण्याची होते. आणि दर अर्ध्या तासाने घंटा द्यावी. घंटा वाजली की सगळ्यांनी हात थांबवून सेव्ह करायचे. संगणकावर घेतलेले स्क्रॅच काम आपोआप साठवत नाही, आणि आपल्याकडे वीज सांगून जात नाही.

आता खेळण्याची सभा. मला विचाराल तर स्पर्धेचा खरा दिवस हाच. लुडुम डारेमध्ये एक शहाणी पद्धत आहे: तुम्ही इतरांचे गेम जितके खेळून अभिप्राय द्याल तितका तुमचा गेम इतरांच्या नजरेसमोर येतो. शाळेत हे अधिक सोपे आहे. निम्मी मुले आपापल्या संगणकाशेजारी उभी राहतात, निम्मी फिरत खेळतात, मग अदलाबदल. नियम एकच: दुसरा खेळत असताना बनवणाऱ्याने बोलायचे नाही. ‘अरे, स्पेसबार दाब!’ असे म्हणायचे नाही. हात मागे बांधून बघत राहायचे. बारा वर्षांच्या मुलासाठी ही फार कठीण गोष्ट आहे. आपण तीनदा तपासलेली उडी समोरच्याला जमत नाही, आपल्याला अगदी उघड वाटणारे दार त्याला दिसतच नाही, हे बघताना मुले अक्षरशः ओठ चावतात. आणि मग वही उघडून लिहितात. त्या वहीतली दोन ओळींची नोंद कुठल्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवते. म्हणून सभेनंतर अर्धा तास दुरुस्तीसाठी राखून ठेवावा, आणि परीक्षकांनी गेम बघायचा तो दुरुस्तीनंतर. शक्य असेल तर खालच्या वर्गातली काही मुले खेळायला बोलवावीत. काफाईंच्या वर्गासारखा, खेळणारा ठरलेला असला की बनवणाऱ्याचे डोळे उघडतात.

बक्षिसांचा प्रश्न नाजूक आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. चित्रे काढायला मनापासून आवडणाऱ्या मुलांपैकी काहींना आधी सांगितले की चित्र काढलेत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात हीच मुले चित्रे काढण्यात इतरांपेक्षा कमी वेळ घालवू लागली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, अचानक दिले, त्यांच्यावर असा परिणाम दिसला नाही. माझ्या मते याचा अर्थ बक्षीस देऊ नये असा नाही. मोठे बक्षीस जाहिरातीच्या पहिल्या ओळीत असू नये असा आहे. पहिला, दुसरा, तिसरा या क्रमांकांऐवजी परीक्षकांनी प्रत्येक गेममधली एक नेमकी गोष्ट सर्वांसमोर नाव घेऊन सांगावी. ‘तुझ्या गेममध्ये हरल्यावर लगेच पुन्हा खेळावेसे वाटते, कारण तू सुरुवातीचा पडदा काढून टाकलास,’ हे वाक्य मुले वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात.

काही जण यावर विचारतात, मग स्पर्धा तरी कशाला, नुसती कार्यशाळा घ्या. मी स्पर्धेच्या बाजूची आहे. महाराष्ट्रीय कलोपासक पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा घेत आले आहे, आणि मराठी रंगभूमीला त्यातून किती माणसे मिळाली हे आपण जाणतो. करंडक एकाच महाविद्यालयाला मिळतो, पण तालमी सगळ्यांच्या होतात. तारीख ठरलेली असते आणि समोर प्रेक्षक बसणार असतात, म्हणून नाटक बसते. कार्यशाळेत अर्धवट राहिलेली गोष्ट अर्धवटच राहू शकते. स्पर्धेची तारीख ती पुरी करून घेते.

भाषेविषयी आग्रहाने सांगते: मुलांना मराठीत गेम बनवू द्या. स्क्रॅचमध्ये पात्राचे बोलणे देवनागरीत लिहिता येते, चलांची नावे ‘गुण’, ‘जीव’, ‘वेग’ अशी ठेवता येतात. पायथॉन ३ मध्येही चलाचे नाव देवनागरीत चालते. अडचण पडद्यावर अक्षरे उमटवताना येते. पायगेम या पायथॉनमधल्या गेम बनवण्याच्या साधनात नेहमीच्या पद्धतीने मजकूर काढला तर जोडाक्षरे सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाऊन बसते. तिथे मजकुराचे चित्र करून वापरणे हा साधा उपाय. गोडो इंजिनने २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत ही उणीव भरून काढली आहे. खेळ रचून विचार सांगण्याची रीत आपल्याला नवी नाही. मोक्षपटाचा खेळ ज्ञानेश्वरांनी रचला, असे आपल्याकडे परंपरेने सांगितले जाते. सोंगट्या, शिड्या आणि साप यांतून जगण्याविषयी काही सांगता येते, हे ज्या समाजाला ठाऊक होते, त्या समाजातल्या मुलांच्या गेममध्ये आपली एसटी, आपला बाजार, आपली आजी यायला काहीच हरकत नाही.

प्रामाणिकपणाबद्दल थोडे. काका कोड लिहून देतात, एआय लिहून देतो, कुणी तयार प्रकल्प उचलतो. यावर पोलिसी बंदोबस्त करू नये. उसने घेतलेले चित्र, आवाज, कोड यांची नावे शेवटच्या पडद्यावर लिहायला शिकवावे. स्क्रॅचवरचे प्रकल्प क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतात आणि श्रेय देणे ही त्याची अटच आहे. आणि परीक्षकांनी प्रत्येक मुलाजवळ बसून एकच गोष्ट मागावी: ‘हा चेंडू जरा हळू करून दाखव.’ ज्याने गेम बनवला किंवा समजून घेतला, तो कुठल्या ब्लॉकला हात लावायचा ते शोधतोच. ज्याला ते सापडत नाही, त्याच्याबरोबर बसून शोधावे. त्याला बाद करू नये.

मुलांचे फोटो, पूर्ण नावे, शाळेचा पत्ता इंटरनेटवर टाकू नयेत. गेम टाकायचा तर पालकांना विचारून, टोपणनावाने.

तेव्हा वाट बघत बसू नका. शंभर मुलांची स्पर्धा पुढे कधीतरी होईल. आधी बारा मुलांची घ्या. सहा संगणक, दोन शनिवार, एक क्रियापद आणि दर अर्ध्या तासाला घंटा, एवढे पुरते. या पुस्तकाचे पहिले प्रकरण त्या पहिल्या शनिवारच्या सकाळी काय काय लागेल याचे आहे. ते वाचून झाले की तारीख ठरवा आणि शाळेच्या फलकावर लिहा.